झोपेतलं तिरकं, जागेपणीचं सरळ

मला स्वप्नं पडत नाहीत. पडत असली तर मी उठेपर्यंत थांबत नाहीत. मावशी म्हणते, "तुझ्या डोक्यात शिरायचं म्हणजे आधी रांगेत उभं राहावं लागत असेल बिचाऱ्यांना." तिचं अगदीच चूक नाही. मला वाकडंतिकडं बघवत नाही. मावशीच्या लाँड्रीत मी बावीस वर्षं इस्त्री करते आहे, आणि रस्त्यात समोरून येणाऱ्या माणसाची कॉलर एका बाजूला वळलेली दिसली तरी माझे हात शिवशिवतात.

अशा बाईच्या हातात लोकांनी आपली स्वप्नं कशी काय दिली, हे मलाही नीट सांगता येणार नाही. सुरुवात एका कोटाच्या खिशातून झाली. कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी खिसे तपासायचे आणि जे सापडेल ते पाकिटात घालून हँगरला अडकवायचं, असा आमचा नियम आहे. त्या खिशात एक चिठ्ठी होती. तिच्यावर एका फोरमचा पत्ता आणि खाली हाताने लिहिलेली एक ओळ: 'रात्री काय पाहिलंत ते इथे ठेवून जा.' तशा चिठ्ठ्या त्या महिन्यात आणखी तीन खिशांत सापडल्या. कुणीतरी आमच्याच शहरात त्या वाटत फिरत होतं. मी चारही चिठ्ठ्या जिच्या तिच्या मालकाला परत केल्या, पण पत्ता डोक्यात राहिला.

फोरमचं नाव होतं 'उशाखाली'. लोक उठल्या उठल्या, तोंडही न धुता तिथे यायचे आणि पडलेलं स्वप्न लिहून जायचे. अर्थ सांगायचा नाही, भविष्य काढायचं नाही, खरं नाव लिहायचं नाही. आणि लिहायची एक ठरलेली रीत होती. स्वप्न जिथून सुरू होतं तिथे एक चांदणी, म्हणजे * ही खूण, टाइप करायची आणि जिथे जाग आली तिथे दुसरी. दोन चांदण्यांमधलं सगळं पडद्यावर तिरकं दिसायचं. झोपेतलं तिरकं, जागेपणीचं सरळ. स्वप्नात आलेलं माणूस आता हयात नसेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना दोन दोन चांदण्या द्यायच्या, म्हणजे ते ठळक व्हायचं. आणि मधलं काही आठवत नव्हतं म्हणून आपणच रचून टाकलं असेल, तर ते नागमोडी रेघांमध्ये ठेवायचं. ते खोडलेलं दिसायचं, पण वाचता यायचं. हा शेवटचा नियम मला फार आवडला. खोटं बोललात तर बोला, पण रेघ मारून बोला.

गंमत अशी की अर्धवट झोपेतल्या लोकांना दुसरी चांदणी आठवायचीच नाही. फोरम कुणीतरी घरीच बनवलेला, साधासुधा. चांदणी मिटली नाही की तिथून खालचं सगळं पान कलंडायचं. एका माणसाच्या विसरभोळेपणामुळे खाली 'सुप्रभात' म्हणणारेही झोपेत बोलल्यासारखे दिसायचे. मला ते सहन होईना. मी चालकांना कळवलं, पुन्हा कळवलं, तिसऱ्यांदा कळवल्यावर त्यांनी वैतागून मलाच दुरुस्तीचे अधिकार देऊन टाकले. तेव्हापासून माझं तिथलं नाव 'इस्त्रीवाली'. सकाळी साडेसातला इस्त्री तापत ठेवायची आणि ती तापेपर्यंत फोनवर लोकांच्या चांदण्या मिटायच्या, असा माझा दिवस सुरू व्हायचा.

काय काय वाचलं मी त्या दोन वर्षांत! 'काडेपेटी' नावाचा एक टॅक्सीवाला होता, त्याला छोटी छोटी स्वप्नं पडायची, दोन ओळींची. एकदा त्याच्या टॅक्सीत मागे एक झाड बसलं होतं आणि त्याला उतरायचं कुठे हे आठवत नव्हतं. एका परिचारिकेला दर बुधवारी एकच समुद्र दिसायचा, आणि दर बुधवारी तो थोडा पुढे आलेला असायचा. मला वाचता वाचता वाफेच्या पांढऱ्या ढगात बसल्यासारखं वाटायचं. हातात दुसऱ्याचा शर्ट, डोक्यात तिसऱ्याचं स्वप्न, आणि मी जागी असून कुठेतरी बाहेर असायची. खरं सांगते, माझ्या आयुष्यातली ती सगळ्यात सुखाची वेळ होती.

आणि 'शिंपला' होत्या. त्यांच्या लिहिण्यावरून वयस्कर वाटायच्या, एकट्या राहतात असं वाटायचं, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना शिंपलाबाई म्हणायची. त्यांच्यासारखं कुणी लिहीत नसे. पण चांदणी मिटायचं नाव नाही. रोज उघडायच्या आणि रोज तसंच सोडून जायच्या. शेवटी मी एकदा त्यांना निरोप पाठवला, "बाई, दार उघडता तसं लावतही जा की. वारं येतं आम्हाला." त्यांचं उत्तर आलं, "मला नेमकं कळतच नाही कुठे लावायचं. जाग आल्यावरही बराच वेळ मी आतच असते. तुम्हीच लावत जा ना. तुम्हाला बरोबर कळतं."

मी फुगले, आणखी काय! आपल्याला बरोबर कळतं असं कुणी म्हटलं की माणूस हरभऱ्याच्या झाडावर चढतंच. तेव्हापासून शिंपलाबाईंची चांदणी मी मिटायची, आणि बहुतेक वेळा अगदी शेवटच्या शब्दानंतर. कारण त्यांचं सगळंच स्वप्नासारखं असायचं. 'खाली एक माणूस दिवसभर रिकामे तराजू तोलत बसतो.' 'समोर कुणीतरी लोखंडाच्या पट्टीवर टोला मारतं आणि रस्ताभर मुलं उगवतात.' असल्या ओळी सरळ कशा ठेवायच्या? मी त्या तिरक्या करायची, आणि खाली लोक 'वा, वा' म्हणायचे.

त्या सकाळी शिंपलाबाईंची पोस्ट सात वीसला आली होती. मी ती साडेसातला उघडली. ती अशी होती:

"माझ्या घरातला कुठलाही खण उघडला की आत जिना आहे. मी सगळ्यात खालचा खण उघडून उतरते. खाली मुली गाणं म्हणतायत, पण आवाज वरून येतोय. एक मुलगी विचारते, बाई, आम्ही मोठ्या कधी होणार? मी म्हणते, घंटा झाली की."

आणि इथे, चक्क, दुसरी चांदणी होती. बाईंनी पहिल्यांदाच आपल्या हाताने दार लावलं होतं. पुढचं सगळं सरळ अक्षरांत होतं:

"खिडकीत उजेड आहे. मी कप उचलते आणि तो हातातून उतरतो. पडत नाही, उतरतो. पाणी जमिनीवर. फडकं शोधलं, सापडलं, पुसून घेतलं. पुन्हा कप उचलते, पुन्हा उतरतो. मांडीवर कुणीतरी एक डावा हात ठेवून गेलंय. छान हात आहे, पण माझा नाही. आरशातली बाई अर्धीच हसते. बाकीचं हसू कुठे गेलं म्हणून विचारलं, तर ती माझ्याबरोबरच बोलायला लागली. जमीन डावीकडे उतरती झाली आहे. मी भिंतीला टेकून बसते."

मला हसू आलं. म्हटलं, बाईंनी दार लावलं खरं, पण चुकीच्या खोलीचं. ऐन रंगात आलेलं स्वप्न बाहेर ठेवून कडी घातली. मी त्यांची चांदणी उचलली आणि अगदी शेवटी, 'बसते' नंतर नेऊन ठेवली. सगळं पान एकसारखं तिरकं झालं. मला बरं वाटलं. मग इस्त्री तापली आणि मी चादरी घ्यायला उठले.

अकरा वाजता आमचा चहा असतो. मावशीचे डोळे आता बारीक अक्षरांना दाद देत नाहीत, म्हणून चहासोबत तिला एक स्वप्न वाचून दाखवायचं, असा आमचा दोघींचा रिवाज पडला होता. ती समोर तुटलेल्या बटणांचा डबा घेऊन बसते आणि रंगांप्रमाणे बटणं वेगळी करत ऐकते. त्या दिवशी मी शिंपलाबाईंचं वाचलं. खाली तोवर साठ जणांनी 'वा' म्हटलं होतं. कुणी 'अर्धं हसू' या शब्दांवरच लट्टू झालं होतं.

वाचून झालं तेव्हा मावशीने बटणं वेगळी करायची थांबवली होती. एक काळं बटण हातात धरून तशीच बसली होती.

"ही कुठवर झोपेत होती म्हणालीस?"

"शेवटपर्यंत."

"पाणी सांडलं, मग तिने फडकं शोधलं, सापडलं आणि पुसलं. असंच ना?"

"हो."

"मग ती झोपेत नव्हती गं. स्वप्नात सांडलेलं कुणी पुसतं का? स्वप्नात पाणी वाढतच जातं. पुसायचं असतं ते फक्त जागेपणी, आपल्या नशिबी." तिने बटण खाली ठेवलं. "तिने स्वतः सांगितलं का, शेवटपर्यंत झोपेत होते म्हणून?"

मी म्हटलं, "नाही. ते मी केलं."

फोरमवर प्रत्येक दुरुस्तीची नोंद राहते. मी जुनं रूप उघडून पाहिलं. चांदणी जिथल्या तिथे होती, 'घंटा झाली की' नंतर. बाईंना नेमकं कळलं होतं आपण कुठे जाग्या झालो ते. दोन वर्षांत पहिल्यांदा कळलं होतं, आणि मी ते दुरुस्त केलं होतं. हात जड पडलाय, तोंड एका बाजूला गेलंय, तोल जातोय. हा अर्धांगाचा झटका आहे हे कळायला डॉक्टर असावं लागत नाही. मी तेच वाचून हसले होते. मला स्वतःची इतकी किळस आयुष्यात कधी आली नव्हती.

"रडतेस काय? शोध तिला," मावशी ओरडली.

पण शोधू कुठे? नाव नाही, गाव नाही. चालकांना फोन लावला तर त्यांच्याकडे फक्त एक ईमेल होता, तोही शिंपल्याच्याच नावाने. मी फोरमवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "शिंपला जाग्या आहेत. हे स्वप्न नाही. मी चुकीने तिरकं केलं. त्या कुठे राहतात हे कुणाला ठाऊक आहे का?" पाच मिनिटांत पन्नास जण हळहळले आणि एकालाही काही ठाऊक नव्हतं.

तेव्हा मला सुचलं ते इतकंच, की जे आपण तिरकं केलंय ते पुन्हा सरळ करून बघावं. त्यांच्या जुन्या पोस्टी मी एकेक उघडल्या आणि माझ्या हाताने लावलेल्या चांदण्या काढत गेले. मावशीचा प्रश्न प्रत्येक ओळीला विचारत गेले: हे पुसता येईल असं पाणी आहे का? आणि ओळी गळून पडू लागल्या. रिकामे तराजू तोलणारा माणूस हे स्वप्न नव्हतं, तो त्यांच्या खोलीखाली बसणारा वजनकाटे दुरुस्त करणारा होता. पट्टीवरचा टोला म्हणजे समोरच्या शाळेची, अजून हाताने वाजवली जाणारी घंटा. 'माझ्या घरात यायचं तर आधी घराबाहेर चढावं लागतं' म्हणजे बाहेरून गेलेला जिना. दोन वर्षं त्या बाई आम्हाला आपला पत्ताच सांगत होत्या, आणि मी तो रोज सकाळी स्वप्नात ढकलत होते.

एवढं सगळं मी फोरमवर टाकलं. अकरा पन्नासला काडेपेटीचा फोन आला. मी माझा नंबर तिथे उघड लिहून टाकला होता, नियम गेला चुलीत.

"ताई, काटेवाला मला माहीत आहे. समोर शाळा, बाजूने लोखंडी जिना. मी रोज जातो तिथून. आत्ता भाडं सोडलंय, वीस मिनिटांत पोचतो."

"दादा, आधी अँब्युलन्स—"

"बोलावली. तुम्ही फोन चालू ठेवा."

मी फोन कानाला धरून इस्त्रीच्या टेबलापाशी उभी राहिले. मावशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. हॉर्न ऐकू येत होते, सिग्नल, एक कुत्रा, मग गाडीचं दार. काटेवाल्याचा आवाज, "किल्ली आहे माझ्याकडे, बाईंनी ठेवलीय." मग लोखंडी पायऱ्यांवर दोघांच्या पावलांचा आवाज. तो जिना किती उंच होता कोण जाणे, संपतच नव्हता. दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग नीट काही ऐकू येईना.

"दादा?"

"आहेत," तो म्हणाला. "भिंतीला टेकून बसल्यात. मी काडेपेटी म्हणून सांगितलं तर हसल्या. म्हणतात, तुमच्या टॅक्सीतलं झाड उतरलं का हो?"

बारा पंधरा झाले होते. मी खुर्चीत बसले आणि मावशीच्या पदरात तोंड खुपसून रडले.

बाई वाचल्या. पण डॉक्टर काडेपेटीला म्हणाले की डोक्यातली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ टळून गेली होती. आणखी तासभर आधी आणलं असतं तर डावा हात कदाचित राहिला असता. त्याने मला हे सांगावं की नाही असा त्याला प्रश्न पडला होता, आणि त्याने सांगितलं. बरं केलं. मी फोरमवर सगळं लिहिलं. चांदणी कुठे होती, मी ती कुठे नेली, का नेली. काही जण रागावले, काहींनी समजूत घातली. समजूत घालणाऱ्यांचा मला जास्त राग आला. मी दुरुस्तीचे अधिकार परत केले.

नवव्या दिवशी त्यांना भेटायला गेले. सहा खाटांची खोली होती, दुपारचं ऊन जमिनीवर पसरलेलं, आणि पंखा इतका संथ की त्याची पाती मोजता येत होती. शिंपलाबाई खिडकीपाशी होत्या. सत्तरीच्या, लहानखुऱ्या, पांढऱ्या केसांची बारीकशी वेणी. तोंड उजवीकडे वळवून त्या बाहेर बघत होत्या. डावा हात चादरीवरच्या उशीवर ठेवला होता. मी त्या बाजूला उभी राहिले तर त्यांना दिसेच ना; झटक्यात डावीकडची नजरही गेली होती. मग वळसा घालून खिडकीकडून गेले.

"इस्त्रीवाली," मी म्हटलं.

"अगोबाई!" त्या म्हणाल्या. शब्द जरा जाड येत होते. "मला वाटलं तुम्ही कडक असाल. कांजी घातलेल्या."

मी घरून माफी पाठ करून आले होते. आरशासमोर म्हणूनही पाहिली होती. ती तिथे एका दमात म्हणून टाकली: तुमची चांदणी बरोबर होती, मी ती हलवली, त्यामुळे तुमचे तास गेले, तुमचा हात गेला. त्यांनी मध्ये अडवलं नाही. सगळं ऐकलं.

"मी पाहिलं होतं ते," त्या म्हणाल्या.

"काय?"

"भिंतीला टेकून बसले ना, तेव्हा फोन याच हातात होता." त्यांनी उजवा हात वर केला. "काय होतंय ते कळेना. डॉक्टरांचा नंबर काढला होता. मग म्हटलं आधी बघू, कुणी काही बोललंय का. तर तुम्ही सगळं तिरकं केलेलं. माझी चांदणी पार शेवटी." उचललेला हात त्यांनी चादरीवर ठेवला. "म्हटलं, हिला बरोबर कळतं. म्हणजे मी अजून झोपेतच आहे. मग फोन कशाला करायचा? केलाच नाही."

इतके दिवस मी समजत होते की माझ्यामुळे बाकीच्यांना कळलं नाही. स्वतः बाईंनाच मी झोपवलं होतं, हे माझ्या मनात आलंही नव्हतं.

"लोक वा वा म्हणत होते," त्या पुढे म्हणाल्या. "मी एकेक वाचत बसले, मग फोन ठेवला खाली. छान वाटत होतं. समोर घंटा झाली, मुलं आली, मुलं गेली. भीती म्हणून वाटली नाही बघा. एकट्या बाईला असं काही झालं तर ती किती घाबरेल? मी पाच तास घाबरले नाही. ते तुमच्यामुळे." आणि जरा वेळाने, तशाच आवाजात, "हातही तुमच्यामुळेच गेला. दोन्ही खरं आहे. त्याला काय करणार."

मला वाटत होतं त्यांनी ओरडावं. त्या ओरडल्या नाहीत. खिडकीबाहेर एक माणूस शिडीवर चढून दिवा पुसत होता, त्याच्याकडे बघत त्या स्वप्नातल्या, त्यांनी एकेकाळी शाळेत शिकवलेल्या मुलींबद्दल सांगू लागल्या, आवाज वरून का येत होता त्याबद्दल. मी वळसा घालून पुन्हा पलीकडे गेले, जिथून मी त्यांना दिसत नव्हते. उशीवरचा डावा हात मी माझ्या दोन्ही हातांत घेतला. त्यांना ते कळलं नाही. त्या उजवीकडे बघत बोलत राहिल्या. मी त्या हाताची माफी मागत राहिले, आणि तो चांगला उबदार होता.